शीट रोलातली एक ओळ

कोकणातल्या काही गावांत देवळाच्या आवारात किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसं गेली, त्यांतली इतकी कामी आली, एवढाच मजकूर. आकडे आहेत, नावं नाहीत. सरकारला माणसं मोजायची होती, ती मोजली. कोणाच्या घरचा कोण, ते गावाने आपापलं लक्षात ठेवावं.

पुढच्या पिढ्यांची नावं मात्र लिहिली गेली. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगावात त्यांचा पुतळा उभा राहिला. पण पुतळा व्हावा असं शौर्य गाजवण्याची वेळ बहुतेकांवर येत नाही. ते मराठा लाइट इन्फंट्रीत, महार रेजिमेंटमध्ये, बॉम्बे सॅपर्समध्ये, तोफखान्यात नाहीतर नेव्हीत जातात, लढाई येते तेव्हा लढाईत असतात, आणि पंधरा-वीस वर्षांनी पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परततात. त्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक असतं, दोन-चार पदकं असतात, आणि पुष्कळदा एखादं असायला हवं ते पदक नसतं.

नोकरीत असताना त्याचं फारसं कोणाला वाटत नाही. निवृत्तीनंतर पोरांची शिक्षणं, घराची कौलं, आंब्याची कलमं यात तीस-चाळीस वर्षं निघून जातात. मग कधीतरी २६ जानेवारीला ग्रामपंचायत माजी सैनिकांना पदकं लावून यायला सांगते, आणि एकाच पलटणीतल्या दोन म्हाताऱ्यांच्या छातीवर वेगवेगळ्या रिबनी दिसतात. "तुका गावला, माका कसा नाय?" या एका प्रश्नावरून अर्ज-फाटे सुरू होतात.

मुंबईतला मुलगा मग रात्री बसून चार पानी पत्र लिहितो. वडिलांनी काय भोगलं, किती रात्री खंदकात काढल्या, देश कसा विसरला. ते राष्ट्रपती, पंतप्रधान, संरक्षणमंत्री अशा सगळ्यांना जातं. पत्रातलं सगळं खरं असतं. तरी ते टप्प्याटप्प्याने खाली घरंगळत शेवटी ज्या रेकॉर्ड ऑफिसला थेट पाठवता आलं असतं तिथेच पोचतं, आणि तिथल्या कारकुनाला त्यात हवी असलेली एकच गोष्ट, म्हणजे नोंदीचा पुरावा, सापडत नाही. पदक हा परिणाम असतो. कारण असतं शीट रोलमधली, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसात ठेवलेल्या जवानाच्या नोकरीच्या नोंदपटातली, एक ओळ. ती ओळ असेल तर पदक उशिरा का होईना येतं. ती नसेल तर राष्ट्रपती भवनातून आलेल्या पत्रालाही उत्तर जातं ते 'नोंद आढळत नाही' असंच.

म्हणून पहिला प्रश्न असा की मागायचं आहे ते पदक कुठल्या जातीचं. शौर्यपदक आणि मोहिमेचं पदक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वीरचक्र, सेना मेडल, मेन्शन-इन-डिस्पॅचेस (लढाईच्या अहवालात नावाचा गौरवाने उल्लेख) यांच्यासाठी त्या वेळच्या कमांडिंग ऑफिसरने शिफारस लिहावी लागते, ती वरच्या पायऱ्या चढते आणि मंजूर झाली की राजपत्रात छापली जाते. ती शिफारसच झाली नव्हती तर पन्नास वर्षांनी रेकॉर्ड 'दुरुस्त' करून शौर्यपदक मिळत नाही, कारण दुरुस्त करण्यासारखं तिथे काही नसतंच. कडवट आहे, पण आधीच कळलेलं बरं. शिफारस मंजूर झाली, राजपत्रात नाव आलं आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये चढायचं राहिलं, असं असेल तर गोष्ट वेगळी. राजपत्राची प्रत मिळवली की काम अर्धं झालं.

मोहिमेचं पदक हा हक्काचा मामला आहे. ठरलेल्या तारखांना ठरलेल्या क्षेत्रात तुम्ही होतात का, एवढाच सवाल. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्व आघाडीवर पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार, आणि दोन्हींपेक्षा ज्याचा पैस मोठा ते संग्राम मेडल, ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळासाठीचं. शांततेच्या काळातल्या खडतर भागांसाठी सैन्य सेवा मेडल, त्यावर जम्मू-काश्मीर, नेफा (आजचा अरुणाचल), हिमालय अशा पट्ट्या. १५ ऑगस्ट १९७२ ला जो सेवेत होता त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यासाठी वूंड मेडल, ज्याला पुढे पराक्रम पदक म्हणू लागले. मेडलच्या मागणीत पैशाचा प्रश्न बहुधा नसतो, पण या शेवटच्या पदकाकडे जरा जास्त लक्ष द्यावं. 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईतली जखम) अशी नोंद आहे की साधी 'फिजिकल कॅज्युअल्टी' (इतर कारणाने झालेली इजा), यावर वॉर इंज्युरी पेन्शन की साधी डिसॅबिलिटी पेन्शन हे ठरतं. पदक मागायला गेलेल्याला कधीकधी त्याहून मोठी चूक हाती लागते ती इथे.

आता डिस्चार्ज बुक उघडा. पहिल्या पानावरचा नंबर, रँक, नाव आणि युनिट स्वच्छ कागदावर जसंच्या तसं उतरवून घ्या, स्पेलिंगच्या चुकांसकट. चूक असली तरी रेकॉर्डला तुम्ही त्याच चुकीच्या नावाने ओळखू येता. मग पदकांचं पान बघा. तिथे काय लिहिलंय आणि ट्रंकेत प्रत्यक्षात काय आहे, हे ताडून पाहा. तीन शक्यता निघतात: नोंद आहे आणि पदक नाही, पदक आहे आणि नोंद नाही, दोन्ही नाहीत. पहिल्यात नुसतं पदक मागायचं असतं, दुरुस्ती नाही. अर्ध्याहून जास्त वेळ वाया जातो तो पहिल्या प्रकारच्या माणसाने तिसऱ्या प्रकारचा अर्ज केल्यामुळे.

ट्रंकेतली पदकं चमकवायची घाई करू नका. आपल्याकडे तांब्या-पितळेला आमसुलाचं पाणी नाहीतर चिंच लावायची सवय आहे, आणि दसऱ्याला शस्त्रांबरोबर पदकंही घासली जातात. गोल पदकाच्या कडेवर नंबर, रँक, नाव, पलटण कोरलेली असते. स्टार असेल तर पाठीमागे. दरवर्षी घासून ती अक्षरं गुळगुळीत होतात. पदक कोरड्या फडक्याने पुसा, कडेला टॉर्चचा उजेड तिरका पाडा आणि भिंगातून वाचा. तरी दिसत नसेल तर कडेवर पातळ कागद धरून वरून मऊ पेन्सिल हलकेच फिरवा, अक्षरं उमटतात. हा नंबर सरकारने स्वतः कोरलेला असल्याने डिस्चार्ज बुक वाळवीने खाल्लं असेल तर ओळख पटवायला उपयोगी पडतो. कडेवरचं नाव दुसऱ्याच कोणाचं निघालं तर घाबरू नका. बदलीच्या गडबडीत पदकांची अदलाबदल होते. ज्याचं ते असेल त्याच्याकडे बहुधा तुमचं असतं.

पत्र कोणाला लिहायचं? ज्या रेजिमेंट किंवा कोअरमधून निवृत्ती झाली तिच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला. नेव्हीच्या खलाशांसाठी मुंबईत मानखुर्दच्या चिता कॅम्पमधलं ब्युरो ऑफ सेलर्स. कोकणात एक फसगत नेहमीची आहे. निवृत्तीनंतर बरेच जण डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे डीएससीत, पुन्हा भरती होतात. त्यांना नवा नंबर मिळतो, दुसरं डिस्चार्ज बुक मिळतं आणि पेन्शनचे ताजे कागद त्याच नंबरचे असतात. घरचे तोच नंबर घालून केरळात कन्नूरला डीएससी रेकॉर्डला लिहितात. १९७१ साली मात्र हा माणूस मराठ्यात किंवा महारमध्ये होता आणि लढाईतल्या नोकरीची नोंद पहिल्या नंबरावर आहे. अर्जात दोन्ही नंबर द्यावेत, कुठला कुठल्या काळातला ते लिहावं आणि अर्ज पहिल्या रेकॉर्डला पाठवावा.

आता मुद्द्याची गोष्ट, पार्ट टू ऑर्डर. जवानाच्या नोकरीत जे काही घडतं, बदली, रजा, लग्न, मूल, जखम, पदक, ते पलटणीचं ऑफिस पार्ट टू ऑर्डर म्हणून प्रसिद्ध करतं. तिची प्रत रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे शीट रोलवर एक ओळ चढते. ही साखळी कुठेही तुटू शकते. लढाईत माणूस दुसऱ्याच युनिटला 'अटॅच' होता. मूळ पलटणीला वाटलं ते करतील, त्यांना वाटलं हे करतील, आणि ऑर्डर कोणीच काढली नाही. माणूस जखमी होऊन हॉस्पिटलात गेला आणि तिथून थेट रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला, तेव्हा पलटणीच्या यादीत तो नव्हताच. ऑर्डर निघाली, पण नंबरातला एक आकडा चुकला आणि ओळ दुसऱ्याच सावंताच्या शीट रोलवर चढली. एका कंपनीत तीन सावंत, दोन परब आणि चार जाधव, सगळ्यांना हाक मारायची ती नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांनी. तिथे हे होणं नवलाचं नाही. चुकलेल्याला हे सगळं चाळीस वर्षांनी कळतं, तेव्हा ऑर्डर लिहिणारा क्लार्कही निवृत्त झालेला असतो.

यावर एक नामी उपाय आहे आणि तो फार कमी जण करतात. मोहिमेच्या पदकांची पार्ट टू ऑर्डर एकेका माणसाची सहसा नसते. एकाच ऑर्डरीत पुष्कळांची नावं असतात. म्हणजे ज्याच्या छातीवर ते पदक आहे त्या सोबत्याच्या शीट रोलवर त्या ऑर्डरीचा नंबर आणि तारीख लिहिलेली आहे. त्याला आपल्या शीट रोलची प्रत मागवायला सांगा. तो नंबर हाती आला की तुमच्या अर्जाला दात येतात: 'अमुक तारखेच्या अमुक ऑर्डरीत माझ्या कंपनीतल्या इतरांची नावं आहेत, मीही त्या काळात त्याच कंपनीत होतो, माझं नाव तपासावं.' सोबत्याचं प्रतिज्ञापत्र याच्या जोडीला चांगलं, पण नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागत नाही. आठवण ही आजची असते आणि रेकॉर्डला कागद त्या वेळचा हवा असतो.

त्या वेळचे कागद घरात असतात, फक्त ते पुरावा आहेत हे घरच्यांना माहीत नसतं. आईने जपून ठेवलेली इनलँड पत्रं काढा. पत्ता '५६ एपीओ' आहे की '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस)? ढोबळमानाने ९९ म्हणजे पूर्वेकडचं सैन्य. शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख असते. एवढ्याने कोणाला पूर्वी स्टार मिळत नाही, पण डिसेंबर १९७१ मध्ये माणूस रजेवर घरी होता असं रेकॉर्ड म्हणत असेल तर हा शिक्का त्याला खोडून काढतो. मनीऑर्डरीच्या पावत्या, हॉस्पिटलचं डिस्चार्ज स्लिप, रजेचा पास, रेल्वे वॉरंटचा अर्धा तुकडा, सगळं बाजूला काढा. लॅमिनेशन मात्र करू नका. पावसाळ्यात चार महिने हवेत पाणी असतं, म्हणून प्लास्टिकमध्ये बंद केलं की कागद वाचला असं वाटतं. आत अडकलेल्या ओलाव्याने बुरशी येतेच, आणि शाई उडाली की मूळ कागद म्हणून दाखवायला काही उरत नाही. मे महिन्यात कोरड्या दिवशी सावलीत वारं द्या, मोबाइलने दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि कागद कॉटनच्या कपड्यात गुंडाळून ठेवा.

पलटण त्या काळात कुठे होती याचा भक्कम पुरावा म्हणजे वॉर डायरी. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये धोरण जाहीर केलं, त्यानुसार वॉर डायऱ्या आणि नेव्हीचे तत्सम कागद मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे जायचे आणि साधारण २५ वर्षांनंतर खुले व्हायचे. डायरीत साध्या जवानाचं नाव बहुधा नसतं, पण पलटण कुठल्या दिवशी कुठे होती ते असतं. खलाशाच्या बाबतीत जहाजाचं नाव आणि तारीख हाच पुरावा: डिसेंबर १९७१ मध्ये 'विक्रांत'वर असलेला माणूस पूर्वेचा.

नाव-गावाचा घोळ हे आपल्याकडचं खास दुखणं. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षी कुलाब्याचा रायगड झाला, पुढे सावंतवाडीतून दोडामार्ग तालुका निघाला. १९६२ साली भरती झालेल्याच्या शीट रोलवर 'तालुका सावंतवाडी, जिल्हा रत्नागिरी' असतं आणि आजच्या आधार कार्डावर 'दोडामार्ग, सिंधुदुर्ग'. बेळगावच्या किंवा सागरच्या टेबलावर ही दोन माणसं होतात. त्यासाठी तलाठ्याचा किंवा ग्रामसेवकाचा एका ओळीचा दाखला पुरतो: पूर्वीचं हे गाव, आता हा जिल्हा. वाडीचं नाव, महसुली गाव आणि पोस्ट, तिन्ही त्यात असू द्या.

विधवेने अर्ज करायचा असेल तर त्याआधी एक पायरी आहे. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली रीत. नवरा रजेवर येऊन लग्न करून गेला, पलटणीत बायकोचं नाव सांगताना माहेरचंच सांगून बसला. रेकॉर्डमध्ये ती 'सुलोचना', गावात आणि बँकेत 'शालिनी'. रेकॉर्डच्या लेखी शालिनीबाई कोणीच नाहीत, त्यामुळे त्यांच्या अर्जावर कारवाई होत नाही आणि पुष्कळदा का होत नाही तेही कळवलं जात नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा किंवा शाळेचा जुना दाखला आणि लागलंच तर राजपत्रात नावाची नोंद, हे आधी उरकून घ्यावं. पदकाचा अर्ज मग करावा. पेन्शनचं स्पर्श पोर्टल आल्यापासून हे काम तसंही करावंच लागतं.

आपल्या शीट रोलची प्रत साध्या अर्जाने मिळाली तर उत्तम. नाहीतर माहितीचा अधिकार आहेच: १० रुपये फी, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराला ३० दिवस. फक्त प्रश्न 'का' ने सुरू करू नका. 'मला पदक का दिलं नाही' याला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. 'माझ्या शीट रोलची प्रमाणित प्रत', 'पश्चिमी स्टारबाबत माझ्या नावे निघालेल्या पार्ट टू ऑर्डरीची प्रत', 'लाँग रोलमधल्या माझ्या नोंदीची प्रत' असं कागदाचं नाव घेऊन मागा. (लाँग रोल म्हणजे भरती झालेल्यांची थोडक्या नोंदींची यादी.)

दुरुस्तीचा अर्ज एका पानाचा, इंग्रजीत किंवा हिंदीत. वर नंबर, रँक, नाव, युनिट, भरती आणि निवृत्तीच्या तारखा. खाली तीन वाक्यं: अमुक काळात अमुक युनिटमध्ये होतो, हे सोबतच्या अमुक कागदावरून दिसतं; शीट रोलवर अमुक पदकाची नोंद नाही; हकदारी तपासून नोंद करावी आणि पार्ट टू ऑर्डरीचा नंबर कळवावा. एका अर्जात एकच पदक. तीन पदकं एकत्र मागितली तर एकावर आक्षेप निघतो आणि बाकीची दोनही अडकतात. सगळ्या प्रती स्वतः सही केलेल्या झेरॉक्स. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अग्रेषित करून घेतलात तर त्यांच्या आवक-जावक रजिस्टरात नंबर पडतो, आणि पुढे तो उपयोगी पडतो. स्पीड पोस्टाची पावती तर फ्रेम करून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे. का ते लगेच सांगतो.

उत्तर येतं ते बहुधा ठरलेल्या साच्यातलं. त्यातलं सर्वांत निराश करणारं म्हणजे 'कागदपत्रं मुदतीनंतर नष्ट केली आहेत'. लष्कराच्या नियमावलीच्या ५९५ व्या परिच्छेदानुसार पेन्शन नसलेल्यांचे सर्व्हिसचे कागद २५ वर्षांनी नष्ट केले जातात, तेव्हा हे खोटं असेलच असं नाही. पण लाँग रोल कायम ठेवतात. त्यात तपशील थोडा असतो, तरी माणूस होता, कधी भरती झाला, कधी गेला, हे असतं. शिवाय पेन्शन घेणाऱ्याला हे उत्तर आलं असेल तर तिथेच थांबू नका, पीपीओची, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डरची, प्रत जोडून पुन्हा विचारा. 'हकदार नाही' असं उत्तर आलं तर कुठल्या अटीमुळे ते लेखी मागा. अट कळली की लढायचं की सोडायचं हे ठरवता येतं, आणि सोडणंही कधीकधी शहाणपणाचं असतं: डिसेंबरभर सेंटरमध्ये रंगरूट म्हणून असलेल्याला स्टार मिळत नाही, मग पलटणीतले बाकीचे कुठेही असोत.

खात्यात दाद लागली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. कायदा २००७ चा, महाराष्ट्रासाठी खंडपीठ मुंबईत. अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांत जावं लागतं. अर्जाला उत्तरच आलं नाही तर अर्जापासून सहा महिने वाट पाहायची आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत जायचं. ही मोजणी जिथून सुरू होते ती तारीख म्हणजे ती स्पीड पोस्टाची पावती. उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज जोडता येतो, पण पन्नास वर्षं का गप्प बसलात याला काहीतरी उत्तर लागतं. 'माहीत नव्हतं' हे कमजोर उत्तर, 'सोबत्याच्या शीट रोलवरून अमुक महिन्यात कळलं' हे त्याहून बरं. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही गोष्ट कित्येक सैनिकपत्नींना कोणी सांगितलेलीच नसते.

नोंद झाली की पदक लगेच येईल असं धरून चालू नका. पदकांचा तुटवडा जुनाच आहे. नोकरीतल्या जवानांनीही वर्षानुवर्षं कॅन्टोन्मेंटच्या दुकानातून विकत घेतलेली पदकं छातीवर लावली आहेत. तोवर पार्ट टू ऑर्डरीची प्रमाणित प्रत हाती ठेवा. डिस्चार्ज बुकात नोंद करण्यासाठी मूळ पुस्तक मागवलं तर आधी कोऱ्या पानांसकट सगळी पानं स्कॅन करा, पुस्तक पाठवल्याचं पत्र सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिक्क्यानिशी जाऊ द्या, आणि तीन महिन्यांत परत आलं नाही तर त्या पत्राचा नंबर घालून स्मरणपत्र लिहा. पदक आलं की पाकीट फोडल्याबरोबर कडेवरचा नंबर वाचून घ्या. चुकला असेल तर त्याच आठवड्यात फोटोसह कळवा.